रोज दहा मिनिटं श्वासापाशी: ही घडी कशी बसवावी

आमचं घर रावेरला, रेल्वेलाइनच्या जवळ. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्रंदिवस चालू असतात आणि लांब मालगाडी निघाली की मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजतात. ध्यानाला बसायचं मी पहिल्यांदा ठरवलं तेव्हा शांत वेळ शोधायला निघाले होते. पहाटे चारचा गजर लावला, कानात कापूस घातला, खिडक्या लावून घेतल्या. आठ दिवसांत सगळं सुटलं. गाडी यायची, मी चिडायचे; मग ध्यानात चिडले म्हणून पुन्हा चिडायचे.

दुसऱ्यांदा बसले ती दोन वर्षांनी. त्या जूनमध्ये वादळाने आमची घड लागलेली केळी एका संध्याकाळी आडवी केली होती. रात्री हे अंगणात येरझाऱ्या घालायचे, मी पंख्याकडे बघत पडलेली असायचे आणि सकाळी शाळेत मुलांवर ओरडायचे. शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंच्या ते लक्षात आलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी आली की गाडी ऐकायची. गेली की नाकापाशी परत यायचं. इतकंच काम आहे, जास्तीचं काही करू नको." त्या एका वाक्याच्या आधारावर मी अकरा वर्षं बसते आहे. ज्यांना स्वतःची वेगळी खोली नाही, ज्यांच्या घरात माणसं आहेत, शेताची किंवा ड्यूटीची वेळ ज्यांच्या हातात नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

श्वास फक्त बघायचा आहे

आपल्याकडे श्वासाचं नाव काढलं की लोक लगेच अनुलोम-विलोम, कपालभाती सुरू करतात. ती प्राणायामाची वाट. तिथे श्वास लांबवायचा, रोखायचा, सोडायचा असतो, आणि ती कुणा जाणत्यासमोर बसून शिकावी. इथे आपण श्वासाला हात लावत नाही. आखूड असेल तर आखूड, लांब असेल तर लांब, जसा येतो तसा बघतो. बुद्धांच्या परंपरेत याला आनापानसती म्हणतात: आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा, आणि सती म्हणजे भान.

हे आपल्या मुलखाला परकं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते. जळगाव शहर तिच्याच धरणाचं पाणी पितं. लेणी पाहायला गेलात तर चित्रांवरची नजर काढून विहारांच्या भिंतींतल्या लहान लहान खोल्यांकडेही बघा. एक माणूस झोपेल किंवा बसेल एवढीच जागा. इकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. योगबळावर चौदाशे वर्षं काळाला परतवणाऱ्या त्या योग्याने शेवटी लहानग्या मुक्ताबाईंना गुरू केलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला ती या साधनेचीच कथा वाटते. श्वास ताब्यात आला तरी शिकायचं राहिलेलंच होतं.

एक आकडा सांगते, पुढे उपयोगी पडेल. हठयोगाच्या परंपरेत माणसाच्या एका दिवसरात्रीचे २१,६०० श्वास धरले आहेत. भागाकार केला तर मिनिटाला १५ येतात. आजचं वैद्यकशास्त्र विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास धरतं. म्हणजे पाच मिनिटं बसलात तर सुमारे ७५ श्वास समोरून जाणार. त्यांतले पाच-सात नीट दिसले तरी सुरुवातीला पुष्कळ झाले.

आधी खुंटी ठरवा

"रोज सकाळी बसेन" हे ठरवणं आमच्याकडे टिकत नाही. सकाळ सगळ्यांची सारखी नसते. नळ ज्या दिवशी येतो त्या दिवशीची सकाळ वेगळी, शेतातली थ्री फेज लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यातली वेगळी, रेल्वेत शिफ्ट करणाऱ्यांची तर दर आठवड्याला निराळी. म्हणून घड्याळातली वेळ धरण्यापेक्षा रोज न चुकता होणारं एखादं काम धरा आणि ध्यान त्याला अडकवा. मी याला खुंटी म्हणते.

माझी खुंटी पहिल्या चहाची आहे. गॅसवर आधण ठेवायच्या आधी बसायचं. चहा झाल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, त्यामुळे ध्यान विसरलं असं होत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी देवापुढे दिवा लावला की तिथेच बसतात. रात्री पाणी भरायला जाणाऱ्या एका भाच्याने मोटर चालू केल्यानंतरचा वेळ धरला आहे: पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेपर्यंत बांधावर बसायचं. त्याची वेळ रोज बदलते, खुंटी बदलत नाही.

जेवणानंतरची खुंटी मात्र घेऊ नका. भरीत-भाकरी खाऊन डोळे मिटले की पाचव्या श्वासाला मान पडते. रात्री अंथरुणात पडून श्वास बघणं झोपेसाठी चांगलं आहे, पण ते झोपेचं औषध झालं. रोजची बैठक वेगळी ठेवा.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा संध्याकाळी धाब्याचं किंवा स्लॅबचं घर दिवसभर प्यालेलं ऊन परत सोडत असतं. त्या वेळी बसणं म्हणजे अंगाची परीक्षा. उन्हाळ्यापुरतं पहाटे गच्चीवर किंवा ओट्यावर बसा, बाज टाकून झोपत असाल तर उठल्या उठल्या बाजेवरच. कूलरच्या थेट झोतात बसू नका. नाकाला गार वारा लागत राहिला की श्वासाचा बारीक स्पर्श कळेनासा होतो आणि घसा कोरडा पडतो. बसण्याआधी माठातलं दोन घोट पाणी प्या. थंडीत उलटं: डोक्यावरून शाल घ्या, नाक मोकळं ठेवा.

बैठक

पद्मासन लागतच नाही म्हणून कितीतरी लोक सुरुवातच करत नाहीत. ते लागायची गरज नाही. गोधडीची चार पदरी घडी करा, तिच्या कडेवर बसा आणि साधी मांडी घाला. बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं उंच आलं की कंबर आपोआप सरळ होते. ही चार बोटंच सगळं काम करतात. सपाट जमिनीवर बसलं की पाठीला बाक येतो, मग पाठ दुखते आणि माणूस म्हणतो, मला ध्यान जमत नाही.

गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या. पुढे सरकून बसा, पाठ टेकवू नका, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असू द्या. उंची जास्त वाटली तर पायाखाली पाट ठेवा. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाने भिंतीला टेकलं तरी काही बिघडत नाही. हात मांडीवर, जिथे पडतील तिथे. जबडा आवळला आहे का ते बघा. आपल्यापैकी बहुतेकांचा आवळलेला असतो. डोळे मिटा, आणि मिटल्यावर भीती वाटत असेल तर अर्धवट उघडे ठेवून हातभर अंतरावरच्या फरशीकडे बघा.

मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावा, आवाज हलका ठेवा, फोन उलटा करून हाताला लागणार नाही एवढा लांब सरकवा. घरच्यांना एकदाच सांगून ठेवा की एवढा वेळ हाक मारायची नाही. तरी मारतील. तेव्हा ओ द्या, काम बघा आणि परत या.

पहिले दहा दिवस: फक्त पाच मिनिटं

बसल्यावर दोन-तीन मोठे सुस्कारे सोडा. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आत येताना किंचित वाढतात. त्यामुळे लांब सुस्काऱ्याने शरीर लगेच थोडं सैल होतं. आपल्या भाषेत दम खाणं म्हणतात ते हेच. तीन सुस्कारे झाले की पुरे. त्यानंतर श्वासाला मोकळा सोडा.

आता तो शरीरात कुठे सगळ्यात स्पष्ट कळतो ते शोधा. तीन जागा आहेत. नाकपुड्यांची कड आणि वरच्या ओठाचा वरचा भाग: आत जाणारा श्वास जरा गार, बाहेर येणारा जरा कोमट. दुसरी छाती. तिसरी पोट: बेंबीच्या वर तळहात ठेवलात तर वर-खाली होताना कळतं. ज्यांचं मन फार पळतं, किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असतं, त्यांना पोट सोपं जातं. ज्यांना पटकन झोप येते त्यांनी नाक घ्यावं, तिथली जाणीव बारीक असल्यामुळे जागं राहावं लागतं. पहिल्या दिवशी तिन्ही बघा. दुसऱ्या दिवसापासून एकच जागा ठरवा आणि दहा दिवस ती बदलू नका. रोज नवी जागा बघत बसलं की सगळा वेळ शोधण्यातच जातो.

मग मोजायला लागा. श्वास आत आला, बाहेर गेला: एक. आत आला, बाहेर गेला: दोन. दहापर्यंत जा आणि पुन्हा एकवर या. दहा श्वासांना चाळीसेक सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांत सातेक फेऱ्या व्हायला हव्यात. होणार नाहीत. तीन-चारला मन केळीच्या भावावर जाईल, बँकेच्या हप्त्यावर जाईल, काल भाऊजी काय म्हणाले त्यावर जाईल. कधी आकडे चालूच राहतील आणि तुम्ही सतरावर असाल. काहीही झालं तरी पुन्हा एक. टायमर वाजला की लगेच उठू नका. हात एकमेकांवर चोळा, डोळे उघडा, मग उठा.

एवढंच. दहा दिवस यात भर घालू नका. उत्साहाच्या भरात तिसऱ्या दिवशी अर्धा तास बसणारे पंधराव्या दिवशी दिसत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नव्या माणसाला मी पाच मिनिटांनंतर उठवतेच.

भान येतं तो क्षण

या सगळ्या लेखात एकच भाग तुम्ही वाचणार असाल तर हा वाचा.

मन श्वासावरून सुटतं तेव्हा ते कळत नाही. विचारात असताना माणूस विचारातच असतो. मग केव्हातरी, कुणी न सांगता, एकदम लक्षात येतं: अरे, मी तर बाजारात पोचले. या लक्षात येण्याला तुम्ही आणलेलं नसतं. ते आपोआप आलेलं असतं, आणि ते येणं म्हणजेच ही साधना. आपण मात्र नेमक्या त्याच क्षणी स्वतःला रागावतो: "परत गेलं! काही उपयोग नाही माझा." म्हणजे ज्या क्षणाला जवळ घ्यायचं त्यालाच चापट मारतो.

वर्गात मी हे रोज बघते. खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला ओरडून बसवलं तर वर्ग गप्प होतो, पण ते मूल फळ्याकडे बघत मनाने घरी पळालेलं असतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं पुस्तकाचं पान दाखवलं तर ते वाचायला लागतं. मनाचं तसंच आहे. सुटल्याचं लक्षात आलं की एवढंच करा: कुठे गेलं होतं ते एका शब्दात ओळखा, "हिशेब", "भांडण", "आठवण", मग श्वास बाहेर सोडताना खांदे सैल करा, आणि पुढचा श्वास आत येईल तो बघा. विचार पूर्ण करायचा नाही आणि हाकलायचाही नाही. तो अर्ध्यावर ठेवून यायचं. सुरुवातीला हेच जीवावर येतं, कारण अर्धवट भांडण सोडून येणं अवघड असतं. मनातल्या भांडणात तर आपणच जिंकत असतो.

पाच मिनिटांत मन वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आलं, तर ती बैठक चांगली झाली. एकदाच गेलं आणि टायमर वाजल्यावर परत आलं, तर तुम्ही शांत बसला होतात खरं, पण काम थोडं झालं. मला हे उलटं गणित समजायला वर्ष लागलं.

येणाऱ्या अडचणी

सगळ्यात जास्त विचारली जाणारी गोष्ट: "श्वासाकडे बघायला गेलं की तो मुद्दाम घेतला जातो." सगळ्यांचं होतं. उपाय श्वास सोडण्यात आहे. आत घेताना आपण ढवळाढवळ करतो, बाहेर जाताना तो आपोआप जातो. म्हणून काही दिवस फक्त बाहेर जाणारा श्वास बघा आणि आत येणाऱ्याची वाट बघा, दारात पाहुण्याची बघतो तशी. तो येईल. आठवडाभरात ओढून घेणं कमी होतं.

हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं तर समजा की तुम्ही गरजेपेक्षा खोल किंवा भरभर श्वास घेत आहात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून तसं वाटतं. त्यात काही दैवी नाही. डोळे उघडा, दोन मिनिटं श्वास विसरा, खोलीतल्या वस्तू बघा.

पाय बधिर झाला तर हलवा. हळू, भान ठेवून, पण हलवा. एकच नाकपुडी चालू असल्याचं जाणवलं तर घाबरू नका. दर काही तासांनी एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी बंद असं आलटूनपालटून होतच असतं.

झोप येत असेल तर दोन कारणं असतात. एक, रात्रीची झोप खरंच कमी आहे. मग झोपा, ध्यानाने झोपेची भरपाई होत नाही. दुसरं, हवा कोंदट आहे किंवा मान खाली गेली आहे. हनुवटी उचला, डोळे उघडे ठेवा, तरी नाही जमलं तर उभं राहून श्वास मोजा.

आवाजाबद्दल मी वर सांगितलं तेच. लग्नसराईत समोरच्या मांडवात डीजे लागला तर नाकावर बसायचा हट्ट सोडा आणि त्या दिवशी आवाजच बघा: वाढतो, कमी होतो, मध्येच थांबतो. आवाज थांबला की श्वास तिथेच असतो.

कधीकधी रडू येतं. दिवसभर कामात दाबलेलं असतं, थांबल्यावर वर येतं. चांगलं-वाईट काही न ठरवता येऊ द्या आणि डोळे पुसून पुढचा श्वास बघा.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. काही माणसांना श्वासाकडे लक्ष देऊन धडधड वाढते, छाती आवळते. दमा असणारे, पॅनिक अटॅक येणारे, मोठा आघात सोसलेले लोक असतात. त्यांनी श्वासाचा आग्रह धरू नये. जमिनीला टेकलेले तळवे, मांडीवर टेकलेले हात, यांचा स्पर्श बघावा. तीच साधना आहे, जागा वेगळी. जुनी प्रसंगचित्रं पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असतील, मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर एकटं बसू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे दिवसरात्र बोलायला माणूस मिळतो. आणि ध्यान सुरू केलं म्हणून कुणीही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. शेतीच्या ताणाने खचलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना श्वासाचा आधार होतो, पण औषध आणि माणसंही लागतात.

पाचवरून वीसपर्यंत

दहा दिवस झाले, खुंटी बसली, की पाचाचे दहा करा. पुढचे तीन-चार आठवडे दहाच. मोजणी चालू ठेवा, पण आता आकडा हळू म्हणा, श्वास पुढे आणि आकडा मागे.

महिनाभराने एखाद्या दिवशी लक्षात येईल की दोन-तीन फेऱ्या न सुटता होत आहेत. तेव्हा मोजणं सोडून बघा. सायकलला लावलेला हात काढतो तसं, आधी थोडा वेळ. आता आकड्याच्या जागी श्वासाचा पूर्ण प्रवास बघायचा: सुरू कुठे होतो, मध्ये कसा असतो, संपतो कुठे. बाहेर गेल्यावर आणि पुन्हा आत येण्याआधी एक लहानसा थांबा असतो. तो ताणू नका, रोखू नका, फक्त आहे हे बघा. तापीचं पाणी उन्हाळ्यात डोहात थांबल्यासारखं दिसतं तसा तो थांबा असतो. मन पळायला लागलं तर लाज न बाळगता पुन्हा मोजणीवर या. अकरा वर्षांनंतर आजही शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत मी एक ते दहा मोजूनच बसते.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पंधरा, तिसऱ्यात वीस. वीसच्या पुढे जावंसं वाटलं तर जा, पण रोजचा नेम म्हणून वीस मिनिटं भरपूर आहेत. दहावर थांबलात तरी काही अडत नाही. मी स्वतः दहा मिनिटांवर पहिली दोन वर्षं काढली.

चुकलेले दिवस

दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर बसलेल्या दिवसापुढे एक टिंब द्या. किती छान झालं, किती वाईट झालं हे लिहायचं नाही, फक्त टिंब. मी पहिल्या वर्षी वही केली होती आणि "आज मन शांत", "आज अस्वस्थ" असं लिहायचे. त्या वहीने माझं नुकसान केलं. मी शांततेचे मार्क देत बसायचे.

टिंबं तुटणारच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, कानबाई देवीच्या रोटांच्या वेळी घर रात्रभर जागं असतं, केळी काढायला ट्रक दारात उभा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सवयी कशा लागतात यावर एक अभ्यास झाला होता. नवी गोष्ट अंगवळणी पडायला माणसांना सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट अशी की, एखाद्या दिवशी चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा सवय एकवीस दिवसांत लागते या हिशेबावर विसंबू नका आणि एका चुकलेल्या टिंबावर रडू नका. गर्दीच्या दिवशी खुंटीपाशी नुसते तीन श्वास बघा, उभ्याने. त्याचंही टिंब द्या.

उठल्यानंतर

गोधडी घडी करून ठेवली की साधना संपली असं केलं तर ती दहा मिनिटांपुरतीच राहते. दिवसातल्या दोन जागा ठरवा. माझ्या दोन आहेत. एक, हजेरी घेण्याआधी मस्टर उघडताना एक पूर्ण श्वास. दुसरी, रेल्वेचं फाटक. ते बंद झालं की सगळे हॉर्न वाजवतात, मोबाइल काढतात. मी स्कूटी बंद करते आणि गाडी जाईपर्यंत श्वास बघते. ज्या गाडीने मला ध्यानातून उठवलं होतं तीच आता मला थांबवते. शेतावर असाल तर मोटर चालू करून पाईपला पाणी येईपर्यंतचा वेळ आहे, भाकरी तव्यावर फुगेपर्यंतचा वेळ आहे. फोनची रिंग वाजली की उचलण्याआधी एक श्वास, हे तर कुणालाही जमेल.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नवीन काही शिकवायला जाऊ नका. माझ्या सासूबाई ओट्यावर माळ घेऊन बसायच्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, एका मण्याला एक श्वास करून बघा ना." त्यांची माळ सावकाश झाली, नाम तेच राहिलं. मुलांना पाच मिनिटंही जास्त होतात; त्यांना दहा श्वास सांगा, पोटावर हात ठेवून. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांतून 'मित्र' नावाच्या उपक्रमात मुलं आनापान शिकतात. तुमच्या घरातलं मूल शिकलं असेल तर त्यालाच शिकवायला सांगा, त्याला आवडतं.

चार-सहा महिने घरी बसून घडी बसली, आणि आणखी खोल जावंसं वाटलं, तर धुळ्याजवळ डेडरगावच्या बाजूला धम्म सरोवर हे विपश्यना केंद्र आहे, पलीकडे इगतपुरीचं धम्मगिरी आहे. दहा दिवसांचं शिबिर असतं, मौन पाळायचं असतं, सुरुवातीचे तीनेक दिवस आनापानच असतं. फी नाही; शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला द्यावंसं वाटेल तो दान देतो. ते सोपं नसतं, दिवसाचे दहा तास बसावं लागतं. घरी पाच मिनिटं बसायची सवय नसताना थेट तिथे गेलेले काही लोक येतात, भारावलेले असतात, आणि महिन्याभरात सगळं सुटतं. आधी घरची खुंटी, मग शिबिर, असा क्रम मला योग्य वाटतो.

सुटलं तर

सासऱ्यांच्या आजारपणात आणि ते गेल्यानंतर माझं चार महिने पूर्ण सुटलं होतं. कॅलेंडरची चार पानं कोरी. परत बसताना मनात आलं की इतक्या वर्षांची आहे, वीस मिनिटांनी सुरुवात करू. दोन दिवस तसं केलं आणि तिसऱ्या दिवशी टाळलं. मग त्या ज्येष्ठ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं. एक ते दहा. पहिल्या दिवशी बसली होतीस तशी."

तुमचंही सुटलं तर असंच करा: सोडल्या जागेपासून नको, पहिल्या पायरीपासून. तीच गोधडी, तीच खुंटी, पाचचा टायमर, मोजणी. मी चहाच्या आधी बसले. घरात सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज नव्हता, त्यानेच मन सारखं तिकडे जात होतं. एक शब्द म्हटला, "आबा", आणि पुढचा श्वास बघितला. त्या दिवशी चारपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी सहापर्यंत.